नवे प्लग टाकूनही ट्रक चढावर मिस मारतो: प्लग निवडताना कुठे चुकतं

रिकामी गाडी सुरेख चालते. माल भरला, चढ लागला, ॲक्सिलरेटर खाली गेला की इंजिन मिस मारतं, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधलं इंधन पेटतच नाही: झटके बसतात, ओढ मरते, कधी इंजिनचा दिवा लुकलुकतो. प्लग बदलले की काही दिवस सगळं ठीक, मग पुन्हा तेच रडगाणं. हे चक्र ज्यांच्या मागे लागलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण आमच्या ट्रकवर मी स्वतः ते वर्षभर भोगलं. एकापाठोपाठ तीन संच प्लग टाकले आणि तिन्ही वेळा तक्रार परत आली.

आधी एक खुलासा. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग, म्हणजे ठिणगी पाडून इंधन पेटवणारा प्लग, नसतो. तिथे असतो तो ग्लो प्लग, तो थंड इंजिन सुरू करायला मदत करतो आणि त्याची निवड हा वेगळा विषय आहे. हे सगळं पेट्रोल, सीएनजी किंवा एलपीजीवर चालणाऱ्या ट्रकबद्दल आहे. त्यातही गॅसवरच्या गाड्यांना हा त्रास जास्त, आणि त्याला कारण आहे.

ठिणगी पडायला किती व्होल्टेज लागेल हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: प्लगच्या दोन टोकांमधलं अंतर, म्हणजे गॅप, आणि त्या क्षणी सिलिंडरमध्ये असलेला दाब. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, दाब कमी, त्यामुळे झिजलेला प्लगसुद्धा काम भागवतो. माल घेऊन चढ चढताना सिलिंडर पूर्ण भरतो, दाब वाढतो, आणि तीच ठिणगी पाडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. हे व्होल्टेज तयार करणाऱ्या कॉइलची ताकद मात्र तेवढीच असते. मागणी कॉइलच्या आवाक्याबाहेर गेली की ठिणगी पडतच नाही, किंवा गॅप सोडून दुसरी सोपी वाट शोधते: प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवरून, प्लगच्या डोक्यावर बसणाऱ्या रबरी टोपणाच्या, म्हणजे बुटाच्या आतून, जिथे जमेल तिथून धातूकडे. गॅसच्या मिश्रणातून ठिणगी उडवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून पेट्रोलवर बिनतक्रार चालणारी गाडी गॅसवर टाकली की मिस मारू लागते. फक्त भाराखाली मिस मारणारी गाडी पाहिली की माझा पहिला संशय गॅप, बूट आणि कॉइलवर जातो. इंधनाकडे मी नंतर वळतो.

नवा प्लग टाकला की काही दिवस आराम का मिळतो, हेही यातच आलं. नव्या प्लगचा गॅप लहान असतो, टोकांच्या कडा धारदार असतात, चिनी माती स्वच्छ असते. मागणी खाली येते आणि मूळ दोष झाकला जातो. गॅप वाढला की दोष पुन्हा वर येतो.

आमच्याकडे नेमकं काय घडलं ते सांगतो. चार सिलिंडरचं इंजिन, पेट्रोलवर सुरू होणारं आणि गॅसवर धावणारं. चौथ्यांदा प्लग घ्यायला निघण्याआधी मी थांबलो आणि काढलेले चारही प्लग पुठ्ठ्यावर भोकं पाडून क्रमाने उभे केले, प्रत्येकाखाली सिलिंडरचा आकडा लिहिला. हे काम आधी तिन्ही वेळा झालंच नव्हतं. जुने प्लग काढले की एका डब्यात पडत होते, आणि कुठला प्लग कुठल्या सिलिंडरचा ही माहिती तिथेच संपत होती.

चौघांचेही गॅप मोजले. लावताना ०.८ मिलिमीटर ठेवलेला गॅप तीन प्लगमध्ये १.१ च्या आसपास गेला होता, तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगमध्ये १.३. तेही जेमतेम दहा हजार किलोमीटरात. साधा निकेलचा प्लगसुद्धा इतक्या लवकर झिजत नाही. भिंगातून पाहिलं तर मधल्या टोकाच्या कडा झिजून गोल झालेल्या, बाजूच्या पट्टीचं टोक निळसर पडलेलं, आणि आतल्या चिनी मातीवर साखरेच्या दाण्यांसारखे बारीक फोड. चारही प्लग प्रमाणाबाहेर तापत होते. तिसऱ्या प्लगवर आणखी एक खूण होती. बाहेरच्या, बुटाखाली झाकल्या जाणाऱ्या पांढऱ्या चिनी मातीवर वरच्या टोकापासून खालच्या धातूपर्यंत पेन्सिलीने ओढावी तशी एक बारीक काळी रेघ. कापडाने पुसली, जाईना.

म्हणजे दोष दोन होते आणि एकावर एक बसले होते. पहिला चारही सिलिंडरचा: प्लगची हीट रेंज चुकीची. दुसरा फक्त तिसऱ्याचा: ठिणगी बुटातून पळत होती. नुसते नवे प्लग टाकून यातला एकही दोष जाणार नव्हता.

हीट रेंजचा घोळ

गरम प्लग म्हणजे जास्त गरम ठिणगी देणारा प्लग, असा समज बऱ्याच जणांचा असतो. तसं नाही. ठिणगीचा याच्याशी संबंध नाही. प्लगच्या टोकाची उष्णता किती लवकर हेडमध्ये, म्हणजे प्लग ज्यात बसतो त्या सिलिंडरवरच्या झाकणात, उतरते, एवढंच हीट रेंज सांगते. आतल्या चिनी मातीचं टोक लांब असेल तर उष्णतेला लांबचा प्रवास, टोक तापलेलं राहतं, तो गरम प्लग. टोक आखूड असेल तर उष्णता पटकन निघून जाते, तो थंड प्लग. टोकाचं तापमान साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सियसच्या वर राहिलं तर त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. ते ८०० ते ८५० अंशांच्या पुढे गेलं तर टोकच निखारा होतं आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतं. प्लग या दोन मर्यादांच्या मध्ये राहायला हवा, रिकाम्या गाडीतही आणि भरल्या गाडीतही.

आता आमची चूक. इंजिनच्या पुस्तकात पेट्रोलसाठी ज्या प्लगची शिफारस होती त्याचा आकडा ७, बॉशच्या क्रमांकात. गॅसवर एक पायरी थंड प्लग टाकावा असा सल्ला मिळाला, आणि सल्ला योग्यच होता. प्लग बसवणाऱ्याने ७ च्या जागी ८ टाकला. एनजीके आणि डेन्सोच्या प्लगवर आकडा जितका मोठा तितका प्लग थंड, आणि त्याच्या हाताला तीच सवय होती. बॉश आणि चॅम्पियनमध्ये क्रम नेमका उलटा आहे: आकडा मोठा, प्लग गरम. थंड करायला गेलो आणि गरम केला. पुढचे दोन संच आधीचा प्लग दाखवून घेतले, त्यामुळे तीच चूक पुढे चालत आली.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की गाडीतून निघालेल्या प्लगवरून नवा प्लग कधीच ठरवू नका. तो आधीच कुणीतरी चुकीचा टाकलेला असू शकतो. इंजिनचं पुस्तक, किंवा बॉनेटच्या आतल्या बाजूला लावलेली पट्टी, तिथला क्रमांक हीच सुरुवात. तो प्लग मिळत नसेल तर दुसऱ्या कंपनीचा जुळणारा क्रमांक त्या कंपनीच्या तक्त्यातून काढा, आकड्यावरून अंदाज करू नका. अंदाज यावा म्हणून सांगतो: एनजीके ६, डेन्सो २०, बॉश ७ आणि चॅम्पियन ९ हे साधारण एकाच पातळीचे प्लग आहेत. चार कंपन्या, चार आकडे, काम एकच.

गॅसवरचे प्लग वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण इथे अनुभवी माणसंही फसतात. पेट्रोलवर चांगल्या प्लगचं टोक फिकट तपकिरी किंवा करडं दिसतं. गॅस जळताना काजळी फारशी होत नाही, त्यामुळे अगदी योग्य प्लगही पांढरट दिसतो. नुसता पांढरा रंग पाहून प्लग तापतोय असं ठरवलं तर गरज नसताना आणखी थंड प्लग पडेल. रंगापेक्षा टोकाच्या कडा, चिनी मातीवरचे फोड आणि गॅप किती किलोमीटरात किती वाढला, यावर भरवसा ठेवा. चिनी मातीवर चंदेरी, चमकणारे बारीक कण दिसले तर मात्र गाडी तिथेच थांबवा. ते पिस्टनचं ॲल्युमिनियम असतं.

उलट्या बाजूचंही सांगतो. कोरडी काळी मखमली काजळी असेल तर गाडी फार वेळ नुसती आयडलिंगवर उभी असते का, एअर फिल्टर तुंबलाय का, थर्मोस्टॅट उघडाच अडकून इंजिन थंड चालतंय का, हे आधी बघा. ओला तेलकट काळा थर असेल तर तेल रिंगांमधून किंवा व्हॉल्व्हच्या सीलमधून येतंय. अशा वेळी गरम प्लग टाकून काजळी जाळायचा मोह होतो. त्याने थोडे दिवस निघतात, पण तेल यायचं थांबत नाही, आणि पुढे भाराखाली तोच गरम प्लग त्रास देतो.

तिसऱ्या सिलिंडरची काळी रेघ

चिनी मातीवरून ठिणगी सरकली की तिथे कार्बनची वाट तयार होते, आणि समोर बुटाच्या आतल्या रबरावरही तशीच वाट उमटते. नंतर प्लग नवा टाकला तरी बुटातली वाट शिल्लक असते. ठिणगी त्याच वाटेने जाते आणि नव्या प्लगवर पुन्हा रेघ ओढते. आमच्या तिसऱ्या सिलिंडरमध्ये हेच चाललं होतं. बूट उलटा करून आत बॅटरीचा उजेड टाकला तेव्हा रबरावर तीच रेघ दिसली, प्लगवरच्या रेघेच्या बरोबर समोर. रेघ पुसून, घासून चालत नाही. बूट आणि प्लग दोन्ही एकाच वेळी बदलायचे.

या रेघेची गल्लत दुसऱ्या एका डागाशी होते. चिनी माती जिथे धातूच्या कवचात शिरते तिथे गोल तपकिरी कडं दिसतं. ते निरुपद्रवी असतं. उच्च व्होल्टेजमुळे हवेतले तेलाचे कण तिथे चिकटतात, एवढंच. प्लगमधून गॅस गळतोय असं समजून चांगले प्लग फेकू नका. डाग आडवा, गोल फिरलेला असेल तर सोडा. उभी रेघ असेल तर बूट काढा.

दोष प्लगचा की कॉइलचा हे ठरवायला सगळ्यात खात्रीची रीत म्हणजे अदलाबदल. गाडीच्या संगणकाने नोंदवलेले दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०३०३ असा कोड आला तर मिस तिसऱ्या सिलिंडरची आहे. तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर टाका, गाडी तशीच भाराखाली चालवून बघा. कोड पी०३०१ झाला तर दोष कॉइलबरोबर सरकला. तिथेच राहिला तर प्लगची अदलाबदल करा. तोही हलला नाही तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशनकडे वळा. एका वेळी एकच वस्तू हलवायची. दोन हलवल्या की उत्तर मिळत नाही. पी०३०० आला, म्हणजे मिस कुठल्याही एका सिलिंडरची नाही, तर सगळ्या सिलिंडरना समान असलेलं कारण शोधा: चुकीची हीट रेंज, वाढलेले गॅप, इंधनाचा दाब, कुठून तरी आत शिरणारी हवा.

आकडा बरोबर, तरी प्लग चुकीचा

हीट रेंज जुळली म्हणजे काम झालं असं नाही. आटे बसले की प्लग चालतो, या समजापायी हेड खराब झालेली मी पाहिली आहेत. बहुतेक इंजिनांना १४ मिलिमीटर व्यासाचे, १.२५ पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर) आटे असतात, पण आट्यांची लांबी वेगवेगळी: १२.७, १९ किंवा २६.५ मिलिमीटर. १९ च्या जागी १२.७ चा प्लग हाताने सहज बसतो. मग ठिणगी भोकाच्या आत दबलेली राहते, मिश्रण नीट पेटत नाही, आणि हेडच्या मोकळ्या आट्यांत काजळी घट्ट बसते. नंतर योग्य प्लग बसवताना तीच काजळी आटे फाडते. लांब प्लग आखूड जागी टाकला तर त्याहून वाईट: बाहेर आलेले आटे तापून लाल होतात, किंवा पिस्टनच प्लगला येऊन धडकतो.

बैठक दोन प्रकारची असते. एक सपाट, चक्तीवाली. दुसरी निमुळती, बिनचक्तीची. ही अदलाबदल चालत नाही, कारण प्लगची बहुतेक उष्णता आटे आणि बैठक यांतूनच हेडमध्ये उतरते. बैठक टेकली नाही तर बरोबर हीट रेंजचा प्लगही तापतो. याच कारणाने ढिला राहिलेला प्लग गरम प्लगसारखा जळतो. एकाच सिलिंडरचा प्लग तापल्यासारखा दिसत असेल तर तो काढताना किती जोर लागला ते आठवून बघा. आणि जुना प्लग काढल्यावर त्याची चक्ती प्लगबरोबर बाहेर आली का, हे दरवेळी पाहाच. ती भोकातच राहिली आणि नवा प्लग त्यावर बसला तर दोन चक्त्या होतात, आणि प्लग तेवढा वर राहतो.

प्लगच्या नावातली अक्षरं हेच सगळं सांगत असतात. उदाहरणार्थ एनजीकेचा बीपीआर६ईएस: बी म्हणजे १४ मिलिमीटर आटे आणि २०.८ चा पाना, पी म्हणजे टोक बाहेर आलेलं, आर म्हणजे आत रेझिस्टर, ६ ही हीट रेंज, ई म्हणजे १९ मिलिमीटर लांबी, एस म्हणजे साधं तांब्याच्या गाभ्याचं मधलं टोक. शेवटी -११ असेल तर गॅप १.१ मिलिमीटर. यातलं आर हे अक्षर गाळलेला प्लग इलेक्ट्रॉनिक इंजिनात कधीही घेऊ नका. रेझिस्टर नसला तर ठिणगीचा विद्युत गोंगाट सेन्सरच्या तारांत शिरतो, आणि मग भलतेच कोड येऊन माणूस दिवसभर सेन्सर बदलत बसतो. मल्टिमीटरने वरच्या टोकापासून मधल्या टोकापर्यंत मोजलं तर साधारण ५ किलोओहम दिसायला हवेत. नकली प्लग पकडायलाही हे माप उपयोगी पडतं. डब्यावर आर छापलेलं आणि मीटरवर शून्य, तर तो प्लग परत करा.

धातूबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ‘कॉपर प्लग’मध्ये तांबं फक्त गाभ्यात असतं, झिजणारं टोक निकेलच्या मिश्रधातूचं. पेट्रोलवर, पुस्तकात तोच सांगितला असेल आणि वेळेवर बदलायची शिस्त असेल, तर त्यात काही वाईट नाही. गॅसवर आणि सतत भार ओढणाऱ्या गाडीत मी इरिडियमच घेईन. त्याचं टोक ०.४ ते ०.६ मिलिमीटर इतकं बारीक असतं, निकेलचं साधारण २.५. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजला उडते, आणि इरिडियम २४०० अंशांच्या वर वितळत असल्याने झिजही सावकाश होते. एक कॉइल दोन प्लगना ठिणगी देते अशी व्यवस्था असेल तर दोन्ही टोकांवर मौल्यवान धातू असलेलाच प्लग घ्या. तिथे निम्म्या प्लगमध्ये ठिणगी उलट्या दिशेने, बाजूच्या पट्टीकडून मध्याकडे उडते, आणि पट्टी साधी असेल तर ती आधी झिजते. तीन-चार पट्ट्यांच्या प्लगचं आकर्षण अनेकांना असतं. एका वेळी ठिणगी एकाच पट्टीवर पडते, त्यामुळे पुस्तकात सांगितला नसेल तर त्याच्या मागे लागू नका.

गॅप पुस्तकाप्रमाणे. पेट्रोलचं इंजिन गॅसवर रूपांतरित केलं असेल तर किट बसवण्याच्या सूचनांत जो गॅप दिलाय तो पाळा. तो पेट्रोलपेक्षा लहान असतो, साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर. ‘डब्यातून काढला, लावला’ हे करू नका, वाटेत पडझडीत पट्टी वाकते. फक्त बाजूची पट्टी वाकवायची. इरिडियमच्या मधल्या टोकाला आधार देऊन काहीही उचकटलं तर ते तुटतं. आणि प्लग हातातून फरशीवर पडला तर तो लावूच नका. चिनी मातीतली केसाएवढी भेग डोळ्याला दिसत नाही. ती भाराखाली कळते, आणि मग तुम्ही पुन्हा याच लेखाच्या पहिल्या ओळीवर येता.

बसवणं थोडक्यात. इंजिन थंड होऊ द्या. प्लगभोवतीची धूळ हवेने उडवून मगच तो काढा, नाहीतर सगळी आत जाते. नवा प्लग बोटांनीच फिरवून शेवटपर्यंत उतरला पाहिजे. मध्ये अडला तर परत काढा, पाना लावू नका. १४ मिलिमीटरच्या चक्तीवाल्या प्लगला ॲल्युमिनियम हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन मीटर टॉर्क लागतो. टॉर्क पाना नसेल तर हाताने टेकल्यावर नव्या चक्तीला अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. निमुळत्या बैठकीला फक्त एक सोळांश फेरा पुरतो, तिथे जोर केला की पुढच्या वेळी प्लग निघत नाही. मुलामा दिलेल्या आट्यांना ग्रीस लावायची गरज नाही. ग्रीस लावून तोच टॉर्क दिला तर प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो.

आमच्या ट्रकमध्ये शेवटी बॉशच्या क्रमाने ६ चे, म्हणजे ७ पेक्षा खरोखर एक पायरी थंड असलेले इरिडियम प्लग बसले, गॅप ०.७. तिसऱ्याचा एकटाच न बदलता चारही बूट नवे घातले. त्याच दिवशी पूर्ण माल भरून नेहमीच्या चढावर नेला, झटका आला नाही. पण त्यावर मी विश्वास ठेवला नाही, कारण नवे प्लग टाकल्यावर आधीही तीनदा असंच झालं होतं. दहा हजार किलोमीटरनंतर पुन्हा चारही प्लग पुठ्ठ्यावर उभे केले. कडा धारदार, फोड नाहीत, रेघ नाही, आणि गॅप मोजायच्या फीलर गेजची ०.७५ ची पाती चारही प्लगमध्ये अडकली, म्हणजे गॅप फारसा वाढला नव्हता.